कडीवरचे तीन बाण

चवथीच्या सुट्टीत ब्राझ सरांनी सहा गणितं दिली होती.
पाच मी आदल्याच रात्री उरकली.
सहावं: एक वजन, दोन दोर, दोन भिंती.
"आकृतीशिवाय उत्तर लिहिलंत तर पान फाडीन,"
असा दम होता.

सावईवेऱ्याला, आमच्या सामायिक चौकीत
माटोळी टांगायची चालली होती.
कुम्याच्या सालीने बांधलेली सुपारीची शिपटी,
तोरिंजनं, आंबाडे,
नारळाची पेंड मधोमध, आणि एक चिबूड
पोटुशीसारखा.
चौकटीच्या चार कोपऱ्यांतून चार दोऱ्या एका लोखंडी कडीत,
कडीतून दोन दोर:
एक उगवतीच्या भिंतीला, ती आमची,
एक मावळतीच्या, ती नानूकाकाची.
मधली जमीन कोणाची
ते फोंड्याच्या कोर्टात होतं, तेरा वर्षं.

बाबा आपला दोर बांधत, काका आपला.
बोलणं नाही.

"चाळीस किलो भरेल," चुलतभाऊ नीळबा म्हणाला,
"वीस तुमच्याकडे, वीस आमच्याकडे."
घराला वाटणीचीच सवय.

मी वहीच्या मागच्या पानावर कडी काढली.
कडी म्हणजे नुसतं टिंब.
सर सांगायचे, बाकी सगळं पुसा,
भिंत पुसा, घर पुसा, माणसं पुसा,
फक्त ओढ ठेवा.
खाली एक बाण, वर तिरके दोन.
दोर आडव्या रेषेशी तीस अंशांत,
म्हणजे एकेका दोरात वीस नव्हे,
चाळीस.
तीनदा ताळा केला.
चाळीस उचलायला चाळीस आणि चाळीस!
मग जास्तीची ओढ गेली कुठे?
ती दोघांनी एकमेकांना ओढण्यात गेली.
तिने चिबडाचा देठसुद्धा उचलला नव्हता.

गणपती त्या वर्षी हातभर उंच आणलेला.
"आनीक वयर," काका वाशाकडे बघून म्हणाला,
भावाकडे नव्हे.
बाबांनी ओढला. काकाने ओढला.
दोर आडवे पडत चालले,
वीस अंश, पंधरा,
भिंतीतल्या खुंटीपाशी चुना भुरभुरला.
काकीने बोटाने दोर छेडला: टण्ण.
"हो रडटा," ती म्हणाली.
तोवर माझ्याकडे दहा अंशांचं उत्तर आलं होतं,
एकशे पंधरा.
शून्य अंशाला तर भागाकारच होईना:
अगदी सरळ ताणलेला दोर
एक सुपारीही उचलू शकत नाही,
कितीही ओढा.

मी वही पुढे केली. कुणी पाहिली नाही.
मग ओरडलेच,
"ढिलें सोडात! दोगांयनी. एकाच वेळार."
कारण एकानेच सोडला असता
तर कडी दुसऱ्याच्या बाजूला सरकली असती,
आणि तेवढं मात्र
त्या घरात कुणालाच चाललं नसतं.

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं का?
पाहिलं असणार, नाहीतर वेळ कशी जुळली?
मी वहीत होते.
कडी वीतभर खाली आली, थोडी हलली, थांबली.
एक आंबाडा देवाच्या मुकुटाला टेकला.
काकीने तो सोडून दुसरीकडे बांधला.

सहाव्या गणिताचे पूर्ण गुण मिळाले नाहीत.
उत्तर किलोत होतं,
न्यूटनमध्ये हवं होतं.

आता मीच शिकवते, फोंड्याला, अकरावीला.
दर वर्षी कुणीतरी लिहितं:
बेरीज शून्य, म्हणून बल नाही.
मी लाल पेनाने शेजारी लिहिते,
दोर छेडून बघ.

बाबा नाहीत. काका नाही. केस आहे.
चवथीच्या आदल्या दिवशी
नीळबा मावळतीला शिडीवर, मी उगवतीला.
"किती?" तो विचारतो.
"तीस."
"म्हणजे चाळीस-चाळीस," तो म्हणतो
आणि गाठ मारतो.